लेव्हनवर्थच्या आधी असई

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात, मिझुरी नदीच्या काठावर फोर्ट लेव्हनवर्थ ही जुनी छावणी आहे. १८८१ मध्ये जनरल विल्यम शर्मन यांनी तिथं पायदळ आणि घोडदळाच्या अधिकाऱ्यांसाठी एक शाळा काढली. तीच वाढत वाढत अमेरिकी लष्कराचं कमांड अँड जनरल स्टाफ कॉलेज झाली. १८९४ मध्ये एक स्विस अधिकारी तिथं शिकायला आला आणि परदेशी अधिकाऱ्यांची रीघ सुरू झाली; आजवर ८,००० हून अधिक जण तिथून शिकून गेले आहेत. भारताचे लष्करप्रमुख के. सुंदरजी आणि पहिले संरक्षण दलप्रमुख बिपिन रावत त्यांतलेच. पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलच्या आर्मी वॉर कॉलेजात व्ही. के. सिंग, बिक्रम सिंग आणि उपेंद्र द्विवेदी शिकले. ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टच्या नेव्हल वॉर कॉलेजात २००७-०८ मध्ये दिनेशकुमार त्रिपाठी होते. हे सगळे पुढं आपापल्या सेनादलाचे प्रमुख झाले. त्यामुळे एखाद्या मेजरला किंवा कर्नलला अमेरिकेला जाण्याचा हुकूम मिळतो, तेव्हा ते त्याचं एकट्याचं शिक्षणाचं वर्ष राहत नाही. निघण्याआधी त्यानं कशाची तयारी करावी, यावर दोन मतं आहेत आणि ती एकमेकांपासून बरीच लांब आहेत. जुन्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडतात, तोही पुरत्या ताकदीनं, आणि मग उत्तर देतात. इथं तीच रीत पाळली आहे. उत्तर माझं आहे.

पूर्वपक्ष : तुम्ही या प्रश्नाला उगाच तात्त्विक करता आहात. परदेशी अधिकाऱ्यासमोरच्या अडचणी अगदी रोजच्या असतात. पहिली भाषेची. अनेक देशांच्या अधिकाऱ्यांना इंग्रजी आकलनाची चाचणी द्यावी लागते आणि कमी पडलेल्यांना आधी टेक्सासमध्ये, लॅकलँडच्या तळावर, भाषेचा अभ्यासक्रम करावा लागतो. आपल्या अधिकाऱ्याचं इंग्रजी चांगलं असतं हे मान्य. पण अलाबामाच्या किंवा टेक्सासच्या मेजरचं भरभर बोलणं, त्यातली तीन-तीन अक्षरांची लघुरूपं, हे कानाला सवयीचं नसतं. दुसरी अडचण पद्धतीची. आपल्याकडे, ब्रिटिशांच्या वळणानं, कमांडर स्वतः परिस्थितीचं मूल्यमापन लिहितो. अमेरिकी पद्धत स्टाफची आहे. कामगिरी हातात येण्यापासून हुकूम निघेपर्यंत सात पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर कोणी कोणता तक्ता भरायचा हे ठरलेलं. ती पद्धत ज्याला येत नाही, तो पहिले दोन महिने नुसता बघत बसतो. तिसरी अडचण वाचनाची आणि लेखनाची. रात्री वाचायचं ते सकाळच्या चर्चेत वापरायचं, शिवाय तळटिपांसह निबंध लिहायचे. चौथी घरची. बायकोमुलं सोबत असतात, मुलांची शाळा, गाडीचा परवाना, आरोग्य विमा, कॅन्ससची थंडी. हे सगळं आधी सोडवलं नाही, तर तुमचा अधिकारी वर्गात देहानं असेल, मनानं नसेल. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: हाती असलेल्या महिन्यांत त्यानं अमेरिकी नियमपुस्तिका वाचाव्यात, त्यांचे शब्द पाठ करावेत, लिहिण्याची शैली शिकावी आणि घरचा बंदोबस्त करावा. बाकीचं तिथं गेल्यावर आपोआप होतं.

उत्तर : घरच्या बंदोबस्ताबद्दल माझा वाद नाही. तो करायलाच हवा, आणि तिथं त्याला मदतही मिळते. छावणीतलं परदेशी विद्यार्थ्यांचं कार्यालय आणि यजमान म्हणून पुढं येणारी गावातली कुटुंबं ही त्या व्यवस्थेची जमेची बाजू आहे. नियमित वर्ग सुरू होण्याआधी परदेशी अधिकाऱ्यांसाठी तयारीचा वेगळा अभ्यासक्रमही असतो. पण तुम्ही सांगितलेल्या तयारीतली बहुतेक कामं ते लोक स्वतःच करून घेतात, आणि चांगली करून घेतात. सात पायऱ्यांची पद्धत शिकवणं हा तर त्यांचा धंदाच आहे. पुस्तिकांचं म्हणाल, तर त्या बदलत असतात. लष्करी कारवायांच्या मुख्य पुस्तिकेच्या आवृत्त्या २००१, २००८, २०१७ आणि २०२२ मध्ये निघाल्या, आणि प्रत्येकीत भर वेगळ्या गोष्टीवर होता. बगदाद आणि काबूलच्या काळात बंडखोरीशी लढण्याला आणि स्थैर्य आणण्याला महत्त्व. नंतर पुन्हा मोठ्या सैन्यांच्या समोरासमोरच्या युद्धाला. जे इथं पाठ करून जाल ते तिथं पोचेपर्यंत जुनं झालेलं असण्याची शक्यता आहे.

तिथं कोणीच शिकवू शकत नाही अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे तुमचा स्वतःचा देश. लेव्हनवर्थला १६ जणांचा एक स्टाफ ग्रुप असतो. त्यात लष्कराचे, हवाई दलाचे, नौदलाचे अमेरिकी अधिकारी आणि एखाद-दुसरा परदेशी. शिक्षक भाषण देत नाही. प्रश्न टाकतो, एखादा प्रसंग समोर ठेवतो आणि गटाला बोलतं करतो. चर्चेत तुम्ही काय भर घातली याचेही गुण असतात. त्या खोलीत पंधरा जणांना जे ठाऊक आहे तेच सोळाव्यानं पुन्हा सांगितलं, थोड्या कच्च्या उच्चारात आणि थोडं उशिरा, तर त्याला तिथं बसवून कोणाला काय मिळालं? आणि प्रश्न तर येणारच. हिमालयात सैन्याची रसद कशी चालते? एकाच वेळी दोन शेजाऱ्यांच्या सीमांवर तयारी कशी ठेवता? निवडून आलेलं सरकार आणि सैन्य यांचं तुमच्याकडे कसं जमतं? याची उत्तरं त्याच्याजवळ आहेत असं गृहीत धरून त्याला बोलावलेलं असतं. ती उत्तरं नीट, पुराव्यानिशी, परक्याला समजतील अशी देता येणं ही त्याची खरी तयारी. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे: परदेशी कॉलेजात जाणाऱ्या अधिकाऱ्यानं आधी स्वतःच्या देशाच्या युद्धांचा चिकित्सक अभ्यास केला पाहिजे, आणि तो लिहून काढला पाहिजे. बाकीची तयारी त्यानंतर.

पूर्वपक्ष : ऐकायला बरं वाटतं. पण यातून काय होईल ते मी सांगतो. तुमचा अधिकारी तिथं जाऊन आपल्या थोर परंपरेवर भाषण देईल. वर्ग सभ्यपणे ऐकेल आणि पुढच्या तासाला अमेरिकी यादवीतल्या गेटिसबर्गकडे वळेल. अमेरिकी कॉलेज अमेरिकी अधिकाऱ्यांसाठी आहे. त्यांना तुमच्या अठराव्या शतकाशी काय कर्तव्य?

उत्तर : भाषण देऊ नये, यावर आपलं एकमत आहे. पण त्या कॉलेजांना दूरच्या इतिहासाशी कर्तव्य नाही, हे म्हणणं खरं नाही. १९७२ मध्ये ॲडमिरल स्टॅन्सफील्ड टर्नर न्यूपोर्टचे प्रमुख झाले आणि त्यांनी अभ्यासक्रम मुळापासून बदलला. व्हिएतनामचं युद्ध तेव्हा चालूच होतं. वर्गातले अधिकारी त्यातून नुकतेच आलेले होते आणि त्यावर शांतपणे बोलणं कोणालाही कठीण होतं. टर्नर यांनी त्यांच्या हातात ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस दिला. अथेन्सनं इ. स. पू. ४१५ मध्ये सिसिलीवर काढलेली मोहीम: लांबचं रणांगण, अर्धवट माहिती, घरच्या सभेतलं राजकारण, आणि शेवटी आख्खं आरमार बुडालेलं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीसच्या आडून ते स्वतःच्या युद्धाबद्दल बोलू शकले. ज्यांनी हे केलं, त्यांना पानिपत समजणार नाही असं मानायला मी तयार नाही. घरापासून दूर नेलेलं सैन्य, तुटलेली रसद, ऐन वेळी सोबत न राहिलेले मित्र हा प्रश्न त्यांच्याही ओळखीचा आहे. फक्त तो प्रश्न म्हणून मांडला गेला पाहिजे, अभिमानाचा किंवा दुःखाचा विषय म्हणून नव्हे.

महाराष्ट्राच्या भूमीवरचंच उदाहरण घेऊ, कारण ते या चर्चेला अगदी नेमकं लागू पडतं. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यात, असईजवळ इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली हा शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या एकत्र फौजेसमोर येऊन ठेपला. मध्ये केळणा नदी. वाटाडे सांगत होते, इथं उतार नाही. वेलस्लीला दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं दिसली. अशी गावं असतील तर माणसांची येजा असणार आणि येजा असेल तर उतारही असणार, एवढ्या तर्कावर त्यानं सैन्य तिकडं नेलं, आणि उतार निघाला. पुढं वॉटर्लू जिंकणारा हा सेनापती म्हातारपणीही आपली सर्वांत चांगली कामगिरी म्हणून असईचं नाव घेई असं सांगतात. इंग्रजी पुस्तकांत ही गोष्ट इथपर्यंत ठळक असते. पण त्याच दुपारची दुसरी बाजू पाहा. वेलस्ली बगलेवर घाला घालायला निघाला होता. शिंद्यांच्या कवायती पलटणींनी, पोलमन या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली, भर रणांगणात आपली आघाडी फिरवून त्याच्यासमोर नवी रांग उभी केली. हे काम किती अवघड ते कोणताही पायदळाचा अधिकारी सांगेल. तोफांनी इंग्रजांची दाणादाण उडवली. काही गोलंदाज तोफांजवळ मेल्याचं सोंग करून पडले आणि शत्रू पुढं गेल्यावर उठून त्यांनी मागून मारा केला. वेलस्लीच्या छोट्या सैन्यातले सुमारे १,६०० जण ठार-जखमी झाले. तरीही मराठी फौज हरली. का? उताराच्या जागी पहारा का नव्हता? एवढं मोठं घोडदळ जवळ असून ते जवळजवळ गप्प का राहिलं? दोन्ही सरदारांपैकी सूत्रं नेमकी कोणाच्या हाती होती?

आणि सर्वांत मोठा प्रश्न युद्ध सुरू होण्याच्या आधीचा आहे. महादजी शिंद्यांनी द बॉयन्य या सावॉयच्या अधिकाऱ्याकडून युरोपीय कवायतीच्या पलटणी उभ्या करून घेतल्या. शस्त्रं उत्तम, तोफा उत्तम, शिपाई तर निःसंशय उत्तम. पण त्यांना चालवणारे बहुतेक वरिष्ठ भाडोत्री युरोपीय राहिले. १८०३ मध्ये कंपनीनं जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना आपल्याकडे बोलावलं आणि अनेक जण निघून गेले. उत्तरेतल्या पलटणींचा प्रमुख पेराँ हाही सप्टेंबरात इंग्रजांच्या आश्रयाला गेला. रँडॉल्फ कूपर या इतिहासकारानं २००३ मध्ये आपल्या ग्रंथात हेच दाखवून दिलं की मराठी सैन्य कौशल्यात मागं नव्हतं. त्याची नेतृत्वाची साखळीच विकत घेतली गेली. परदेशी पद्धत शिकायला निघालेल्या अधिकाऱ्यानं विचार करावा असा याहून नेमका विषय मला माहीत नाही. पद्धत बाहेरून आणली, पण ती पेलणारा आपला अधिकारीवर्ग घडवला नाही, की काय होतं ते असईत दिसलं. हा विषय त्यानं लेव्हनवर्थच्या गटासमोर ठेवला तर अमेरिकी मेजर जांभया देणार नाहीत. त्यांनी इराकमध्ये आणि अफगाणिस्तानात परक्या सैन्यांना आपल्या साच्यात घडवायचा प्रयत्न केला आहे आणि २०२१ मध्ये काबूलचं सैन्य काही दिवसांत विरघळताना पाहिलं आहे. असईचा प्रश्न त्यांचाही आहे.

पूर्वपक्ष : मग त्याच उदाहरणावरून मी तुमच्यावर उलटतो. परदेशी पद्धतीचा धोका तुम्हीच दाखवलात, तर अधिकारी पाठवायचेच कशाला? अमेरिका हे शिक्षण परोपकार म्हणून देत नाही. १९७६ पासून त्यांच्याकडे त्यासाठी कायद्यानं वेगळी योजना आहे आणि तिचा उद्देश ते उघड सांगतात: मित्रदेशांच्या सैन्यांत ओळखी तयार करायच्या, आपल्या मूल्यांची ओळख करून द्यायची. पाकिस्तानवर नाराजी झाली तेव्हा १९९० मध्ये हेच शिक्षण त्यांनी थांबवलं, २०१८ मध्ये पुन्हा थांबवलं. जे हवं तेव्हा देता येतं आणि हवं तेव्हा काढून घेता येतं, ते हत्यार असतं. आणि मूल्यांचं म्हणाल, तर झिया उल हक लेव्हनवर्थला शिकले आणि १९७७ मध्ये त्यांनी निवडून आलेलं सरकार उलथवलं. अब्देल फतह अल सिसी २००५-०६ मध्ये कार्लाइलला होते. २०१३ मध्ये त्यांनीही इजिप्तमधलं निवडून आलेलं सरकार उलथवलं.

उत्तर : ही तुमची सर्वांत जड हरकत आहे आणि तिचा पहिला भाग मी जसाच्या तसा मान्य करतो. हे शिक्षण अमेरिकेच्या धोरणाचा भाग आहे. पण तुमची दोन उदाहरणं तुमच्याच म्हणण्याला छेद देतात. झिया आणि सिसी यांच्यावर त्या वर्षाचा प्रभाव पडला असता तर त्यांनी तसं केलं नसतं. म्हणजे एका वर्षाच्या वर्गानं माणूस आतून बदलतो, ही भीती फोल ठरते. याच लेव्हनवर्थला शिकलेले सुसिलो बाम्बांग युधोयोनो पुढं इंडोनेशियात निवडणूक जिंकून दोनदा अध्यक्ष झाले. पॉल कगामे १९९० मध्ये तिथं शिकत होते. रवांडातल्या त्यांच्या संघटनेचा सेनापती मारला गेला तेव्हा अभ्यास अर्धा सोडून ते लढायला परतले. चौघांनीही पुढं जे केलं ते आपल्या घरच्या राजकारणातून आलं. कॉलेजानं त्यांना हत्यारं दिली, दिशा दिली नाही. मग ज्याच्याजवळ घरची स्पष्ट दिशा नाही त्याच्याबद्दल जास्त काळजी वाटायला हवी. रिकाम्या डोक्यानं गेलेला अधिकारी परतताना दुसऱ्याचे शब्द, दुसऱ्याचे शत्रू आणि दुसऱ्याची प्राधान्यं घेऊन येतो, आणि ती आपलीच आहेत असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं. तुम्ही सांगितलेली तयारी, म्हणजे फक्त त्यांच्या पुस्तिका पाठ करणं, नेमका हाच धोका वाढवते.

उलट बाजूचं उदाहरण जपानी आहे. अकियामा सानेयुकी हा तरुण नौदल अधिकारी १८९७ मध्ये अमेरिकेला गेला. न्यूपोर्टच्या कॉलेजात त्याला प्रवेश मिळाला नाही. तो नौदलाचे इतिहासकार कॅप्टन महान यांना जाऊन भेटला, त्यांच्या सल्ल्यानं वाचत बसला, आणि १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध सुरू झालं तेव्हा क्युबातल्या सँटियागोच्या नाकेबंदीचं अगदी जवळून निरीक्षण केलं. बंदराच्या तोंडाशी जहाज बुडवून शत्रूचं आरमार कोंडण्याचा अमेरिकनांचा प्रयत्न का फसला, याची त्यानं बारकाईनं नोंद करून मायदेशी पाठवली. परतल्यावर त्यानं जुन्या जपानी सागरी युद्धपद्धतींचाही अभ्यास केला. १९०४ मध्ये पोर्ट आर्थरपुढं आणि १९०५ मध्ये त्सुशिमाला तो ॲडमिरल तोगोच्या स्टाफवर होता. ज्याला वर्गात बसूही दिलं नाही, त्यानं सर्वांत जास्त नेलं, कारण त्याचा प्रश्न घरून पक्का होता: उद्या रशियाशी गाठ पडली तर आपण काय करायचं? असाच एक जवळचा दाखला पाकिस्तानचा आहे. पुढं तिथले लष्करप्रमुख झालेले अशफाक परवेझ कयानी यांनी १९८८ मध्ये लेव्हनवर्थला प्रबंध लिहिला तो अफगाण प्रतिकाराच्या बलस्थानांवर आणि उणिवांवर. अमेरिकी विषय घेतला असता तर तो शंभरातला एक ठरला असता. आपल्या शेजारचा विषय घेऊन त्यांनी यजमानांना हवं असलेलं ज्ञान दिलं आणि ते लिहिताना स्वतःचंही पक्कं केलं. त्यांच्या पुढच्या कारकिर्दीबद्दल आपलं मत काहीही असो, तयारी कशी असते ते त्यातून शिकण्यासारखं आहे.

पूर्वपक्ष : पाकिस्तानी अधिकारी अफगाणिस्तानवर लिहू शकतो, कारण ते त्याचं स्वतःचं युद्ध नव्हतं, निदान कागदोपत्री. आपल्या अधिकाऱ्यानं चीनशी झालेल्या १९६२ च्या युद्धाबद्दल काय सांगायचं? त्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारनं आजही प्रसिद्ध केलेला नाही. गोपनीयतेची शपथ घेतलेला माणूस परदेशी खोलीत, परदेशी अधिकाऱ्यांपुढं, स्वतःच्या सैन्याच्या चुका मांडणार? एक वाक्य इकडचं तिकडं झालं तरी त्याची कारकीर्द संपेल. त्यापेक्षा गप्प बसणं शहाणपणाचं.

उत्तर : ही भीती खरी आहे. तिच्यामुळेच कितीतरी हुशार माणसं त्या वर्गांत गप्प बसत असतील. पण तिचं उत्तर तयारीतच आहे. काय उघड आहे आणि काय नाही, हे ज्याला नक्की माहीत नाही, तोच घाबरतो किंवा घसरतो. आपल्याकडे उघड असलेलं साहित्य कमी नाही. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढं आला आणि पुस्तकरूपानं दुकानात विकला गेला. काही भाग वगळलेले असले, तरी गुप्तवार्ता कुठं कमी पडली, वेगवेगळ्या यंत्रणांत बोलणं कसं होत नव्हतं, हे त्यात स्वच्छ लिहिलं आहे. डिसेंबर १९७१ मध्ये कराचीवर क्षेपणास्त्र नौकांनी केलेल्या हल्ल्यावर निवृत्त अधिकाऱ्यांनी लिहिलेली पुस्तकं आहेत. अधिकाऱ्यानं अशा उघड साधनांची यादी करावी, वरिष्ठांना दाखवावी, मान्यता घ्यावी आणि त्या चौकटीत मोकळेपणानं बोलावं. शिवाय या कॉलेजांत वर्गात कोण काय बोललं ते नावानिशी बाहेर नेऊ नये असा नियम असतो.

मोकळेपणाचं म्हणाल तर यजमानांकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. इराक युद्धाचा अमेरिकी लष्करानं स्वतःच अभ्यास करवला. २०१९ च्या जानेवारीत कार्लाइलच्या कॉलेजनं तो दोन जाडजूड खंडांत छापला. या युद्धात खरा विजयी दिसतो तो इराण, असा निष्कर्ष त्यात आहे. गणवेशातल्या माणसांनी हे लिहिलं आणि त्यांच्याच कॉलेजनं छापलं. आपल्या संरक्षण मंत्रालयानंही जून २०२१ मध्ये धोरण जाहीर केलं: लष्करी कारवाई संपल्यावर पाच वर्षांत तिचा इतिहास संकलित व्हावा आणि जुने कागद साधारणतः २५ वर्षांत खुले व्हावेत. ते धोरण नेटानं अमलात आलं तर परदेशी वर्गात बसलेल्या आपल्या अधिकाऱ्याला त्याचा फार मोठा आधार होईल. स्वतःच्या पराभवाबद्दल नेमकेपणानं बोलणाऱ्या माणसावर ऐकणारे विश्वास ठेवतात. फक्त विजय सांगणाऱ्यावर ठेवत नाहीत. मी याला देशाचा कमीपणा मानत नाही. त्यात देशाची प्रौढता दिसते.

आता लिहिण्याबद्दल, कारण तुम्ही सुरुवातीला तो मुद्दा काढलात आणि तो मी अजून सोडवला नाही. आपल्या प्रशिक्षण संस्थांत आधीच्या तुकडीची उत्तरं फिरत असतात. ‘पीसीके’, म्हणजे ‘प्रीव्हियस कोर्स नॉलेज’, म्हटलं की कोणत्याही अधिकाऱ्याला कळतं. त्यानं परीक्षा सुटते, पण स्वतः विचार करून लिहिण्याचा हात बसत नाही. अमेरिकी कॉलेजात दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून देणं हा गुन्हा आहे आणि तो वर्षांनंतरही अंगाशी येतो. जॉन वॉल्श यांनी २००७ मध्ये कार्लाइलला दिलेल्या प्रबंधातली उचलेगिरी २०१४ मध्ये, ते सिनेटर असताना, उघडकीला आली. त्यांना निवडणुकीतून माघार घ्यावी लागली आणि नंतर कॉलेजनं त्यांची पदवी काढून घेतली. शैलीची पुस्तिका वाचून हा हात बसत नाही. एकच प्रश्न घेऊन, दोन्ही बाजूंची साधनं वाचून, वीस पानं स्वतः लिहिली की बसतो. म्हणजे पुन्हा तेच: घरचा विषय, घरी लिहिलेला.

पूर्वपक्ष : आणि वेळ? हुकूम निघतो तेव्हा तुमचा अधिकारी कुठल्या तरी सीमेवर असतो. पारपत्र, व्हिसा, वैद्यकीय तपासणी, चार्ज देणं यांतच दिवस संपतात. असईवर वीस पानं कधी लिहायची?

उत्तर : इथं मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे, आणि म्हणून यापुढचं मी त्या अधिकाऱ्याला सांगत नाही, त्याला पाठवणाऱ्यांना सांगतो. आपण अतिशय गुणवान माणसं निवडतो आणि मग त्यांना कागदपत्रांच्या धावपळीत सोडून देतो. निवड झाल्यावर त्यांना सहा आठवडे मोकळे द्या. गोव्यात नेव्हल वॉर कॉलेज आहे, महूला आर्मी वॉर कॉलेज आहे, पुणे विद्यापीठात संरक्षण आणि सामरिकशास्त्राचा विभाग आहे. यांपैकी एका ठिकाणी ग्रंथालय आणि मार्गदर्शक मिळू द्या. त्या काळात प्रत्येकानं आपल्या देशाच्या एका युद्धप्रसंगावर इंग्रजीत एक निबंध पुरा करावा, आणि परदेशातून परतलेल्या एखाद्या अधिकाऱ्यासमोर तो मांडून त्याच्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत. मराठी वाचणाऱ्या अधिकाऱ्याला आणखी एक सोय आहे: शिंदे, भोसले, पेशवे यांच्या दप्तरांतलं जे छापून निघालं आहे ते त्याला मुळातून वाचता येतं, त्यांतलं बरंच इंग्रजी अभ्यासकांपर्यंत अजून नीट पोचलेलं नाही. पुण्याहून सकाळी निघालं तर दुपारपर्यंत असईला पोचता येतं. त्यानं केळणेच्या काठावर उभं राहून जागा स्वतः पाहून घ्यावी आणि मग लिहायला बसावं. परतल्यावर त्यानं तिथं लिहिलेला प्रबंध आणि इथं लिहिलेला निबंध दोन्ही एकत्र जपून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी जाणाऱ्याला सुरुवात शून्यापासून करावी लागणार नाही. या सगळ्याला नवा कायदा लागत नाही की मोठा खर्च लागत नाही. सेनादलांच्या मुख्यालयांनी पुढच्या तुकडीची नावं जाहीर करतानाच या सहा आठवड्यांचा आदेशही काढावा.